अक्कांच्या मापाचं कार्डिगन

मे महिना निम्मा सरला तेव्हा शेवटच्या बाहीचे टाके बंद केले आणि पाचही तुकडे दिवाणावर मांडले. एक पाठ, दोन पुढचे भाग, दोन बाह्या. तीन महिने हातात फिरलेलं विणकाम, पण बघायला गेलं तर काहीच नाही. कडा आत मुडपलेल्या, पानांची जाळी मिटून बसलेली, एक बाही दुसरीपेक्षा लांब वाटत होती. नवरा डोकावून म्हणाला, "हे पोतेरं कशाला काढून ठेवलंयस?" मलाही मनातून तसंच वाटत होतं.

हे कार्डिगन अक्कांसाठी होतं. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. त्यांचं माहेर गडहिंग्लजच्या पुढं, सीमेवरच्या गावात. माहेरचा फोन आला की कानडी सुरू. लग्न होऊन आल्या तेव्हा धाकटा भाऊ त्यांना अक्का म्हणत सोबत आला होता, तेव्हापासून आमचं अख्खं घर, गल्ली आणि त्या काम करायच्या त्या पतसंस्थेतले लोकसुद्धा त्यांना अक्काच म्हणायला लागले. घर एकच, राजारामपुरीच्या मागच्या अंगाला. खाली त्या आणि मोठे दीर, त्यांची लेक नोकरीला बाहेरगावी, वर आम्ही, आणि स्वयंपाकघर खालचंच, दोघींचं मिळून. अक्का उंच, भरल्या अंगाच्या. आवाज असा की काऊंटरवरून "पुढचं कोण हाय?" म्हणाल्या तर रस्त्यावरचा माणूस आत येईल.

महाशिवरात्र होऊन ऊन तापायला लागलं होतं, त्या दिवसांत एका संध्याकाळी कामावरून आल्या आणि पदर दोन्ही खांद्यांवरून लपेटून माझ्यासमोर बसल्या.

"माझ्या डोक्यावरच एसी बसवलाय मेल्यांनी," म्हणाल्या. "दिवसभर काकडतो मी. तुझ्या लोकरीत उकडून मरीन. सुताचं काय तरी विण की."

आमच्याकडं बायकाही "मी येतो, मी जातो" असंच बोलतात. माझी ती सवय शाळेच्या धाकानं सुटली, अक्कांची सुटली नाही.

मी तोवर लोकरच विणत आले होते. बाळाची टोपडी, मोजे, कुणाच्या नातवाचा स्वेटर. सुताचं, आणि तेही उन्हाळ्यात घालायचं, हे पहिल्यांदाच. हुरूप आला. मोठ्या दिरांनी इचलकरंजीहून फिकट मोरपंखी सुताचे कोन आणून दिले. बारीक धागा होता, तीन पदर एकत्र घेऊन विणायचं ठरवलं.

माप घ्यायची माझी पद्धत आईची. ती टेप वापरायची नाही. जाड दोरा छातीभोवती फिरवायची आणि जिथं टोक मिळेल तिथं गाठ मारायची. अक्कांच्या गळ्यातली लिंगाची चांदीची डबी बाजूला धरून मी तसाच दोरा फिरवला, गाठ मारली. तर म्हणाल्या, "तुझं बी घे त्याच दोऱ्यावर. बघू कोण जाड." माझी गाठ त्यांच्या गाठीच्या दोन बोटं अलीकडं पडली. अक्का इतक्या हसल्या की त्यांना उंबऱ्यावर बसावं लागलं. "थोरली ती थोरलीच!" म्हणाल्या.

तर असे ते पाच तुकडे. आई विणलेल्यावर ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवायची आणि काम संपायचं. पण मोबाईलवर बघून बघून मला आता ब्लॉकिंगचं वेड लागलं होतं. म्हणजे विणलेला तुकडा भिजवायचा, न पिळता पाणी काढायचं, हव्या त्या मापात पसरून कडेनं टाचण्या लावायच्या आणि तसाच वाळू द्यायचा. वाळला की तो ते माप धरून ठेवतो आणि मिटलेली नक्षी उलगडते.

बादलीत कोमट पाणी घेऊन तुकडे बुडवले. थोड्या वेळानं पाठीचा तुकडा वर उचलला. तो वर येतच राहिला. लोकर पाण्यात फुगते, पण असं करत नाही. सूत पाणी पिऊन दगडासारखं जड झालं होतं आणि स्वतःच्याच वजनानं खाली ओढलं जात होतं. कमरेपर्यंतचा तुकडा माझ्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होता.

"अहो! इकडं या!" मी ओरडले.

नवरा धावत आला, बघितलं आणि म्हणाला, "अक्कांना गाऊन होईल की."

मला रडू यायचं बाकी होतं. तसाच दोन्ही हातांवर झेलून तो टॉवेलवर ठेवला, टॉवेलची गुंडाळी केली आणि त्यावर उभी राहिले. मग दिवाणावरच्या गादीवर जुनी चादर अंथरून तुकडा पसरला, आणि दोरा शेजारी ठेवून बोटांनी हळूहळू आत ढकलत आणला. ओलं सूत जसं ताणतं तसंच ते सरकवलं तर मागंही येतं, हे तेव्हा कळलं. पाठ दोऱ्याच्या मापात आली, टाचण्या लावल्या. मग बाकीचे चार. वर पंखा सोडून दिला आणि आम्ही दोघं जमिनीवर झोपलो.

वाळल्यावर टाचण्या काढल्या तेव्हा मात्र माझा माझ्यावरच विश्वास बसेना. पानं उघडली होती. जाळीतून चादरीची फुलं दिसत होती. कडा सरळ, बाह्या सारख्या. शिवणी घातल्या, धाग्यांची टोकं आत दडवली, महाद्वार रोडवरून नारळाच्या करवंटीची बटणं आणून लावली. रविवारी सकाळी अक्कांची आंघोळ आणि लिंगपूजा झाल्यावर खाली घेऊन गेले.

"अगं बया!" अक्का म्हणाल्या. "हे तू केलंस?" आणि साडीवरून घातलं.

ते त्यांच्या अंगावर नुसतं टांगल्यासारखं दिसत होतं. खांद्याची शिवण दंडावर उतरली होती. पुढची पट्टी एकीवर दुसरी चढत होती. बाह्यांतून बोटांची टोकं तेवढी दिसत होती.

"सूत ताणलं," मी म्हणाले. "मला वाटलंच होतं. द्या ते, परत धुते."

"असू दे की. हवा खेळतीया."

"नाही. द्या."

वर आणून पुन्हा भिजवलं, या वेळी चांगल्या गरम पाण्यात, म्हणजे आटलं तर आटेल. पुन्हा पसरलं. वाळलेलं कार्डिगन दोऱ्याशी लावून बघितलं तर माप तंतोतंत. कुठंही बोटभर जास्त नाही. मी मांडी घालून त्याच्यासमोर बसले. कार्डिगन बरोबर असेल तर दोरा चुकला असणार. सूत ताणतं तसा दोराही ताणला असेल. म्हणून आरशासमोर उभी राहून तो स्वतःभोवती फिरवला. माझी गाठ जिथं यायला हवी तिथंच आली.

तो दोरा घेऊन मी जिना उतरले.

दुपार कलली होती. अक्का स्वयंपाकघरात चहा टाकत होत्या. मी म्हटलं, "हात वर करा जरा." त्यांनी कंटाळून हात वर केले. मी मागून दोरा पुढं आणला, टोक धरलं. त्यांची गाठ पार बगलेकडं गेली. माझी गाठसुद्धा जुळत नव्हती. ती ओलांडून दोरा आणखी चार बोटं सरकला, तेव्हा कुठं टोक मिळालं.

रोज या बाईच्या शेजारी बसून मी भाकरी खात होते. एका ओट्यावर आमची कोपरं एकमेकींना लागत होती. आणि ती माझ्यापेक्षा बारीक झाली होती, माझ्या डोळ्यांदेखत, आणि मला ते एका दोऱ्यानं सांगावं लागलं.

"झालं का गं? चहा उतू जाईल."

मी पदर बाजूला केला. ब्लाऊजच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी चुण्या घेऊन सेफ्टी पिना लावलेल्या होत्या. एक, दोन, खाली आणखी एक. आणि हात लागला ती पाठ तव्यासारखी तापली होती.

"अक्का, तुम्हाला ताप आहे."

"संध्याकाळचा येतो जरासा. सकाळी न्हाय ऱ्हात."

"कधीपासून?"

त्यांनी गॅस बंद केला. "बारीक झालो तर तुझ्या का पोटात दुखतंय? हापिसातल्या पोरी इचारत्यात, अक्का कसलं डाएट करताय. मी सांगतो रंकाळ्याला फेऱ्या मारतो म्हणून."

"तुम्ही जेवत नाही धड. आणि त्या एसीखाली बसून बसून—"

"एसी कुठला?" त्या म्हणाल्या. "पाडव्यापास्नं बंद हाय. बिघडलाय तो. तरी काकडतोच मी."

बाहेर गल्लीत कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, किक मारल्याचा आवाज परत परत येत होता. तो मला अजून आठवतो. पाडवा होऊन दोन महिने होत आले होते. कोल्हापुरात त्या दिवसांत लोक दुपारी फरशीवर पाणी मारून झोपत होते आणि ही बाई बंद खोलीत, एसीशिवाय, काकडत बसत होती. आणि मी वरच्या मजल्यावर पंख्याखाली बसून तिच्यासाठी जाळीची पानं विणत होते, सूत कुठलं, बटणं कुठली याचा विचार करत होते.

"मला सांगायचं नाही?" माझा आवाज चढला.

अक्कांनी तोंड फिरवलं. मग कधी नव्हे त्या आवाजात म्हणाल्या, "माझी आई अशीच गेली. दोरीवरची साडी जशी हलकी होत जाती तशी. शेवटी शेवटी तिचं ताट गोठ्याच्या भिंतीला लावून ठेवायचे. पोरीचं स्थळ बघायचं चाललंय. कुणाला काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी त्यांना रजा टाकायला लावली. मोठे दीर शिरोलीच्या फाउंड्रीत सकाळच्या पाळीला गेले होते, म्हणून मीच गाडीवर मागं बसवून डॉक्टरांकडं नेलं. एरवी अक्का मागं बसल्या की गाडी दबायची. त्या दिवशी वळणावर मला दोनदा मागं वळून बघावं लागलं, बसल्यात ना म्हणून.

डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला लावला. फोटो उजेडावर धरला तर एका बाजूला फुफ्फुस काळं दिसत होतं आणि दुसऱ्या बाजूला खालून निम्म्यापर्यंत नुसतं पांढरं.

"हे पाणी," डॉक्टर म्हणाले. "फुफ्फुसाच्या बाहेरून साठलंय. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?"

मोठे दीर संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनीही मला तेच विचारलं, आणि मग स्वतःच खाली मान घालून बसले, कारण ते तर त्याच खोलीत झोपत होते.

सुई घालून पाणी काढलं, तपासायला पाठवलं. टीबीच निघाला. औषधं सरकारी दवाखान्यातून मिळणार होती, रोज घ्यायची, बरं वाटलं तरी मध्ये सोडायची नाहीत. मी डॉक्टरांना अक्कांच्या समोरच विचारलं, "ताट वेगळं करावं लागतं का?"

"अजिबात नाही," ते म्हणाले. "ताटा-वाटीतून हा पसरतच नाही. यांचा तर पाण्याचा आहे, सहसा दुसऱ्याला होत नाही. तरी घरातल्या सगळ्यांनी एकदा तपासून घ्या. आणि ह्यांना भरपूर जेवायला घाला."

मला हायसं वाटलं. घरी आलो. मी ताटं मांडायला घेतली तर अक्का उठल्या, खिडकीच्या वरच्या फळीकडं हात नेला आणि पिठाच्या डब्यामागून एक ताट, एक वाटी आणि एक पेला काढला.

"हे माझं," म्हणाल्या.

"म्हणजे?"

"शिमग्यापास्नं ह्यातच खातो मी. तुमच्यात मिसळत न्हाय."

आठवलं मग. रोज रात्री जेवण झालं की त्या आपलं ताट स्वतः घासायच्या. मी म्हणायचे राहू द्या, तर म्हणायच्या हाताला चाळा पाहिजे. म्हणजे या बाईला कळलेलं होतं. नाव घेतलं नव्हतं, डॉक्टर गाठला नव्हता, पण आपल्या आईचं ताट भिंतीला लागलेलं बघितलं होतं, तर कुणी लावायच्या आत आपणच आपलं लावून टाकलं होतं. आणि आमच्यापैकी एकाला कधी फळीवर नजर टाकावीशी वाटली नाही. टीबी म्हटल्यावर बसला नव्हता इतका धक्का मला त्या ताटाचा बसला. मी ते त्यांच्या हातातून घेतलं आणि रॅकमध्ये सगळ्या ताटांच्या मध्ये खुपसलं.

सकाळी ते पुन्हा डब्यामागं होतं. मी पुन्हा काढलं. त्यांनी पुन्हा ठेवलं. एक शब्द न बोलता आमची ही मारामारी कित्येक दिवस चालली. त्या आपलं ताट मागच्या ओरखड्यावरून ओळखायच्या, म्हणून शेवटी मी खिळ्यानं सगळ्याच ताटांच्या मागं तसाच ओरखडा काढला, म्हणजे कुठलं कुणाचं कळायलाच नको. अक्का ताटं उलटीपालटी करून बघत राहिल्या आणि मला कानडीत काहीतरी बोलल्या. अर्थ विचारला तर सांगितला नाही.

गोळ्या सुरू झाल्या त्याच्या दुसऱ्या सकाळी बाथरूममधून किंकाळी आली.

"रगत! अहो, रगत!"

मोठे दीर दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून पळाले. मी वरून अनवाणी खाली आले. लघवी लालभडक झाली होती. अक्का भिंतीला टेकून "संपलं गं, संपलं," म्हणत होत्या. मी डॉक्टरांना फोन लावला. ते पलीकडून हसायला लागले. गोळीचाच रंग असतो तो, म्हणाले, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की. खरंच सांगितलं होतं. आम्हा दोघींपैकी एकीच्याही कानात ते शिरलं नव्हतं. फोन ठेवल्यावर मोठे दीर साबण लावलेल्या तोंडानंच पायरीवर बसले आणि रडले. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. अक्काच त्यांना म्हणाल्या, "उठा, साबण वाळला की."

कार्डिगन घडी करून मी कपाटात ठेवलं होतं. ते दिसलं की मला कसंतरी व्हायचं. एकदा अक्का वर आल्या तेव्हा म्हटलं, "उसवते हे. आताच्या मापानं पुन्हा करते."

"उसवू नगंस," त्या लगेच म्हणाल्या. "मी भरतो की त्यात."

भरायला वेळ लागला. पहिला महिना तर गोळ्यांनी अन्न बघवत नव्हतं. मी नाचणीची आंबील करायचे, शेंगदाण्याचा लाडू हातात कोंबायचे, त्या शिव्या घालत खायच्या. मग हळूहळू संध्याकाळचा ताप यायचा थांबला. एके दिवशी त्यांनी तिसरी भाकरी मागितली आणि मी नवऱ्याकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि आम्ही दोघंही काहीच झालं नाही असं दाखवत जेवत राहिलो.

पावसाळ्याच्या मधल्या दिवसांत त्या कामावर परत गेल्या. कार्डिगन घालूनच गेल्या. ते तेव्हाही थोडं सैलच होतं, एक खांदा सारखा घसरत होता. संध्याकाळी आल्या त्या चपला काढायच्या आधीच सांगायला लागल्या.

"पोरींनी इचारलं, अक्का कुठं होता? मी म्हटलं, मला टीबी झालता."

"असं? सगळ्यांसमोर?" मी विचारलं.

"मग काय कानात सांगू? काऊंटरवर चार गिऱ्हाइकं होती. एक म्हातारा दोन पावलं मागं सरला. मी म्हटलं, पावणं, घाबरू नगा, माझा पसरत न्हाय, या पुढं." आणि त्यांचा तो जुना आवाज स्वयंपाकघरात घुमला. मोठ्या दिरांनी हातातला चहा खाली ठेवला. स्थळाचं काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. ताट दडवणारी आणि भर काऊंटरवर ओरडून सांगणारी, या दोन बायका मला एक वाटेनात.

आठवडाभरानं दिवेलागणीला दारात एक मुलगी आली. अक्कांच्या ऑफिसात नवीन लागलेली, रेनकोटमधून पाणी निथळत होतं. आत या म्हटलं तरी येईना. अक्का बाहेर गेल्या तशी हळू आवाजात बोलायला लागली. तिच्या आईला कितीतरी दिवस खोकला होता, ताप येत होता, आणि घरात कुणी दवाखान्याचं नावच काढत नव्हतं. लोक काय म्हणतील म्हणून.

"खोकला हाय?" अक्कांनी विचारलं. "मग ते माझ्यासारखं न्हाय. थांबायचं न्हाय." त्यांनी वळून मला हाक मारली. "उद्याला गाडी पाहिजे तुझी. सकाळी लवकर."

"मी येऊ का सोबत?"

"तिघी कशा बसणार? तू चावी ठेव तेवढी."

अक्कांना गाडी चालवता येते हे मला तोवर माहीत नव्हतं. सकाळी मी गॅलरीतून बघितलं. घर दाखवायला मागं ती मुलगी बसली होती, आणि अक्का साडी खोचून, कार्डिगनच्या बाह्या कोपरापर्यंत सारून, पावसातल्या चिखलातून गाडी काढत होत्या.